बीएमडब्ल्यूची ३ सिरीज ओळखायची कशी? नवख्यांसाठी ई२१ ते जी२० ची वाट

बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीजबद्दल दोन जाणकार बोलू लागले की नवख्या माणसाला सुरुवातीला काहीच कळत नाही. ‘ई४६ चे स्टिअरिंग’, ‘एलसीआयच्या आधीची एफ३०’, ‘एन४७ असेल तर जपून’ अशी भाषा चाललेली असते आणि समोर उभ्या असलेल्या गाडीवर मात्र यातले एकही अक्षर लिहिलेले नसते. तिच्या डिकीवर फक्त ‘३२०डी’ असते. गेल्या पन्नास वर्षांत या गाडीच्या सात पिढ्या झाल्या असून, पिढी ओळखता आली की इंजिन, सुटे भाग, नेहमीचे आजार आणि बाजारातली किंमत यांचा बराचसा उलगडा आपोआप होतो. म्हणून हा लेख पिढी ओळखण्यापासून सुरू होतो आणि वापरलेली गाडी घेण्यापूर्वीच्या तपासणीपर्यंत जातो. पायऱ्या याच क्रमाने चढाव्यात. थेट शेवटच्या पायरीवर उडी मारणारे लोक बहुधा चुकीच्या इंजिनाची गाडी घरी आणतात.

पहिली पायरी: डिकीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका

मूळ पद्धत सोपी होती. पहिला आकडा सिरीजचा, पुढचे दोन इंजिनाच्या आकारमानाचे. ३२० म्हणजे ३ सिरीज आणि दोन लिटरचे इंजिन. त्यापुढचे ‘आय’ हे अक्षर इंधन फवारणीच्या यंत्रणेचे, ‘डी’ डिझेलचे. १९७७ मध्ये आलेल्या ३२३आय मध्ये खरोखरच २.३ लिटरचे इंजिन होते. पण नव्वदच्या दशकातल्या ३२३आय मध्ये अडीच लिटरचे इंजिन बसले, २०१२ च्या ३२८आय मध्ये टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेले दोन लिटरचे आले आणि आजच्या ३३०आय मध्येही दोन लिटरचेच आहे. टर्बो आल्यानंतर हा आकडा आकारमान सांगत नाही, केवळ ताकदीची पायरी सांगतो. अक्षरांचीही तीच गत आहे. ऐंशीच्या दशकातल्या ३२५ई मधला ‘ई’ कमी फेऱ्यांवर चालणाऱ्या काटकसरी पेट्रोल इंजिनाचा होता, तर ३३०ई मधला ‘ई’ चार्जिंगची सोय असलेल्या हायब्रिडचा आहे. शिवाय ही अक्षरे डिकीवर नुसती चिकटवलेली असतात. एम३ ची, म्हणजे ३ सिरीजच्या सर्वांत वेगवान आवृत्तीची पाटी लावली म्हणून गाडी एम३ होत नाही.

खरी ओळख पटते ती कारखान्याच्या अंतर्गत सांकेतिक क्रमांकावरून. ई२१, ई३०, ई३६, ई४६, ई९०, एफ३०, जी२० हा सात पिढ्यांचा क्रम पाठ करून टाकावा. यातला ‘ई’ जर्मन भाषेतल्या ‘एन्टविकलुंग’ या शब्दाचा, म्हणजे ‘विकास’ या अर्थाचा आहे. ती मालिका संपल्यावर कंपनीने एफ आणि मग जी घेतला. (जी२० म्हटल्यावर राष्ट्रप्रमुखांची परिषद आठवणे स्वाभाविक आहे, पण महिनाभरात ती सवय मोडते.) पाचव्या पिढीपासून प्रत्येक आकाराला स्वतंत्र क्रमांक मिळाला: ई९० ही चार दारांची सेदान, ई९१ ही मागे उभट डिकी असलेली टूरिंग, ई९२ ही दोन दारांची कूपे आणि ई९३ छप्पर दुमडणारी.

हा क्रमांक आरसीवर छापलेला नसतो, पण तिथे चासी नंबर असतो. सतरा अक्षर-आकड्यांचा हा नंबर ‘डब्ल्यूबीए’ने सुरू झाला तर गाडी साधी बीएमडब्ल्यू आणि ‘डब्ल्यूबीएस’ने सुरू झाला तर ती कंपनीच्या एम विभागाची. सुटे भाग विकणाऱ्याला किंवा सर्व्हिस सेंटरला या नंबरातली शेवटची सात अक्षरे सांगितली की पिढी, इंजिन, रंग आणि कारखान्यातून बसवून आलेल्या सोयी त्यांच्या संगणकावर दिसतात. ही सात अक्षरे वहीत उतरवून घेतल्याशिवाय पुढची बोलणी करू नयेत.

दुसरी पायरी: डोळ्यांनी ओळखायला शिका

गाडीच्या बाजूला उभे राहा आणि मागच्या दाराची काच जिथे संपते तिथे पाहा. काचेची मागची कडा खाली उतरताना अचानक पुढच्या बाजूला वळते. या वळणाला १९५५ ते १९७० या काळात बीएमडब्ल्यूच्या आरेखन विभागाचे प्रमुख असलेल्या विल्हेल्म हॉफमाइस्टर यांचे नाव मिळाले असून, ३ सिरीजच्या प्रत्येक सेदानवर ते आहे. फरक फक्त जागेचा. आधीच्या पिढ्यांमध्ये हे वळण काचेच्या चौकटीत असे, जी२० मध्ये ते मागच्या खांबात सरकले आहे.

आता समोर या. ई२१ मध्ये कमी ताकदीच्या गाड्यांना प्रत्येक बाजूला एकच गोल दिवा होता आणि दोन लिटरपासून पुढे दोन. ई३० मध्ये बाजूला दोन-दोन गोल दिवे उघडे बसवलेले आहेत. ई३६ मध्ये तेच गोल दिवे एका सपाट काचेमागे गेले. ई४६ च्या दिव्याची खालची कडा सरळ नाही, आतल्या गोलांच्या आकाराप्रमाणे तिला दोन फुगवटे आहेत. एफ३० मध्ये दिवा आत सरकत सरकत थेट मधल्या दोन जाळ्यांच्या जोडीला जाऊन टेकतो आणि ही गाडी दुरून ओळखण्याची याहून सोपी खूण नाही. जी२० च्या पहिल्या रूपात दिव्याच्या खालच्या कडेला एक खाच आहे, जी २०२२ नंतरच्या गाड्यांमध्ये गेली.

हे ‘२०२२ नंतर’ म्हणजेच एलसीआय. पिढीचे निम्मे आयुष्य सरल्यावर कंपनी दिवे, बंपर, पडदे आणि कधीकधी इंजिनेही बदलते, त्या उजळणीला जाणकार या नावाने ओळखतात. ई९० ची उजळणी २००८ मध्ये झाली, एफ३० ची २०१५ मध्ये. जाहिरातीत फक्त ‘मॉडेल २०१५’ लिहिलेले असेल तर गाडी उजळणीच्या आधीची की नंतरची हे विचारलेच पाहिजे, कारण एफ३० मध्ये त्या वर्षी डिझेल इंजिनच बदलले.

तिसरी पायरी: प्रत्येक पिढीने काय मिळवले, काय सोडले

या सातही पिढ्यांनी तीन गोष्टी सोडल्या नाहीत. इंजिन बोनेटखाली लांबीच्या दिशेने बसते, जोर मूलतः मागच्या चाकांना जातो आणि गाडीचे वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास निम्मे-निम्मे वाटले जाते. पुढची चाके फक्त वळण्याचे काम करतात, ओढण्याचे नाही, म्हणून स्टिअरिंग हातात स्वच्छ वाटते. बाकी सगळे बदलत गेले.

ई२१ जुलै १९७५ मध्ये म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये लोकांसमोर आली. बीएमडब्ल्यूच्या ‘२००२’ नावाच्या लोकप्रिय दोन दारी गाडीची ही वारस, आरेखन पॉल ब्राक यांचे. तीही दोन दारांचीच होती. तिने दिलेली टिकाऊ देणगी म्हणजे चालकाकडे किंचित वळवलेला डॅशबोर्ड. १९७७ मध्ये तिला सहा सिलिंडरचे इंजिन मिळाले आणि ३२३आय १४३ अश्वशक्तीची झाली. वेगात वळण घेताना घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला तर मागची बाजू बाहेर फेकली जाण्याची खोड तिच्यात होती आणि पुढच्या पिढीतही ती बऱ्यापैकी उरली.

त्या पुढच्या पिढीपाशी, म्हणजे १९८२ च्या ई३० पाशी, थोडे थांबले पाहिजे, कारण आज ३ सिरीज म्हणून आपण जे ओळखतो त्यातले बरेचसे इथे घडले. कारखान्यातून चार दारे मिळाली ती इथे. डिझेल इथे आले, १९८५ मध्ये चारही चाकांना जोर देणारी आवृत्ती आली. टूरिंगचा जन्म तर कंपनीच्या योजनेबाहेर झाला. माक्स राइसब्योक या बीएमडब्ल्यूच्याच तंत्रज्ञाला कुटुंबाच्या सामानासाठी सेदानची डिकी पुरेना, तेव्हा त्याने अपघातात सापडलेली एक ई३० घेऊन मित्राच्या गॅरेजमध्ये तिचा मागचा भाग कापून स्वतःच वाढवला. वरिष्ठांना ती गाडी आवडली आणि १९८७ मध्ये टूरिंग लोकांसमोर आली.

याच पिढीत १९८६ ची पहिली एम३ आहे. तिचा उगम शर्यतीच्या नियमात आहे. ग्रुप ए गटात उतरायचे तर बारा महिन्यांत ५,००० गाड्या तयार करण्याची अट होती, म्हणून रस्त्यावर चालणारी एम३ विकणे भाग पडले. बीएमडब्ल्यूचे इंजिनतज्ज्ञ पाउल रोशे यांनी एम१ या गाडीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, घेऊन त्यातले दोन सिलिंडर कापले आणि ते चार सिलिंडरच्या जुन्या ब्लॉकवर बसवले. हा ब्लॉक त्याच घराण्यातला होता, ज्याच्या दीड लिटरच्या टर्बो रूपावर नेल्सन पिके यांनी १९८३ ची फॉर्म्युला वन शर्यतींचे अजिंक्यपद जिंकले. २.३ लिटर, चार सिलिंडर, २०० अश्वशक्ती. आज ही ताकद किरकोळ वाटते, परंतु रोबेर्तो रावाल्या यांनी १९८७ ची टूरिंग कार विश्वविजेतेपदाची स्पर्धा याच गाडीवर जिंकली. गाडी जवळून पाहायला मिळाली तर चाकांवरच्या चौकोनी फुगवट्यांवरून हात फिरवून पाहावा: साध्या ई३० चा पत्रा तिथे नाहीच, बोनेट, छप्पर आणि दारे सोडली तर बाहेरचे जवळजवळ सगळे भाग वेगळे आहेत.

१९९० च्या ई३६ ने मागच्या सस्पेंशनची ती जुनी खोड घालवली. झी१ या छोट्या उघड्या गाडीत वापरून पाहिलेली अनेक दांड्यांची रचना तिच्यात आली आणि वळणात मागची चाके विश्वासू झाली. अमेरिकेतल्या स्पार्टनबर्गच्या कारखान्यातून १९९४ मध्ये बाहेर पडलेली पहिली बीएमडब्ल्यूही ई३६ च होती. आतल्या प्लॅस्टिकचा दर्जा मात्र तिच्या मानाने कमी पडला, हे तिचे चाहतेही कबूल करतात.

१९९८ ची ई४६ ही माझ्या मते या मालिकेतली सर्वांत तोललेली गाडी आहे. टर्बो नसलेली, रेशमासारखी फिरणारी सहा सिलिंडरची इंजिने, तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग आणि अजून बेताचे असलेले आकारमान हे तिन्ही एकत्र मिळण्याची ही शेवटून दुसरी आणि सर्वोत्तम वेळ होती. ३३०आय मध्ये २३१ अश्वशक्ती होती, एम३ मध्ये ३४३. २००२ या एका वर्षात जगभर ५,६०,००० हून अधिक ३ सिरीज विकल्या गेल्या. पण तिची दुखणीही नीट माहीत असावीत. शीतक यंत्रणेतली प्लॅस्टिकची टाकी आणि जोड वयाबरोबर ठिसूळ होतात, आणि मागचा सांगाडा जिथे बॉडीला बोल्टने धरलेला असतो तिथल्या पत्र्याला, विशेषतः एम३ मध्ये, चिरा पडतात. गाडी लिफ्टवर चढवून मागच्या चाकांमधल्या त्या जागा टॉर्चच्या उजेडात पाहिल्याशिवाय ई४६ चा सौदा करू नये.

२००५ ची ई९० आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत जवळची, कारण २००७ मध्ये चेन्नईजवळ सुरू झालेल्या बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात जुळणी झालेल्या पहिल्या गाड्यांमध्ये ती होती. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ३ सिरीज नेहमीची दिसू लागली ती तेव्हापासून. तिच्या काळात तंत्रज्ञानाचा पाट दोन्हीकडे वाहत होता: एकीकडे ३३५आय मध्ये दोन टर्बोंचे ३०६ अश्वशक्तीचे इंजिन, दुसरीकडे एम३ मध्ये टर्बोशिवाय ४२० अश्वशक्ती देणारे चार लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, जे पुन्हा कोणत्याही एम३ ला मिळाले नाही. पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे रन-फ्लॅट टायरही याच पिढीत सर्रास आले. त्यामुळे पहिल्यांदा पंक्चर झाल्यावर डिकीचा तळ उचलून स्टेपनी शोधणाऱ्यांना तिथे स्टेपनी सापडत नाही. या टायरच्या बाजू कडक असल्याने खड्ड्यांतला धक्का थेट कमरेला लागतो, म्हणून अनेक मालक साधे टायर बसवून डिकीत स्टेपनी ठेवतात. आपल्या रस्त्यांसाठी मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

एफ३० ने २०१२ पासून सगळी पेट्रोल इंजिने टर्बो केली आणि स्टिअरिंगला विजेची मदत दिली. गाडी शांत, वेगवान आणि मागे ऐसपैस झाली, पण पुढच्या टायरखाली काय चालले आहे हे तळहाताला सांगणारी ती बारीक थरथर कमी झाली. दोन दारांच्या गाड्या ४ सिरीज या नव्या नावाखाली वेगळ्या झाल्या. २०१८ च्या पॅरिस प्रदर्शनात आलेल्या जी२० ने सस्पेंशन कडक करून हरवलेली धार बरीचशी परत आणली. भारतात मात्र जानेवारी २०२१ पासून तिची लांब आवृत्ती ‘ग्रॅन लिमोझीन’ या नावाने विकली जाऊ लागली, जिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ११० मिलिमीटरने जास्त आहे. ज्या गाडीची सगळी कीर्ती चालकाच्या जागेवर उभी आहे, ती मागे बसणाऱ्यासाठी लांबवली जावी यात आपल्या बाजारपेठेचे पूर्ण चित्र आले. चालवण्याची हौस असलेल्यांसाठी तीन लिटरच्या सहा सिलिंडरची एम३४०आय ही आखूड बांध्याची गाडी त्याच वर्षी भारतात आली, ती चारही चाकांना जोर देणारी आहे.

आकारमानाचे दोन आकडे लक्षात ठेवा. ई२१ ची रुंदी १,६१० मिलिमीटर होती, जी२० ची १,८२७ आहे. लांबी ४,३५५ वरून ४,७०९ वर गेली. तुमच्या सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर गाडी पाहायला जाण्यापूर्वी टेप घेऊन तिथला पाळणा मोजावा.

चौथी पायरी: आत बसा आणि चालवा

प्रथम मागच्या सीटवर बसा. मागच्या चाकांकडे जोर नेणारी दांडी गाडीच्या मधोमध जात असल्याने पायांखाली उंच बोगदा येतो आणि मधल्या माणसाला पाय दोन्हीकडे फाकून बसावे लागते. घरात पाच माणसे नेहमी एकत्र प्रवास करत असतील तर हा विचार इथेच करावा. मग चालकाच्या जागेवर या. पाय लांब आणि सीट खाली अशीच बैठक असते. उंच गाड्यांची सवय असलेल्याला सुरुवातीला विहिरीत उतरल्यासारखे वाटते.

चालवताना वेग महत्त्वाचा नाही. ताशी चाळीसच्या वेगाने एखादे लांब, मोकळे वळण घ्या आणि स्टिअरिंग एका जागी धरून ठेवता येते की सारखे दुरुस्त करावे लागते ते पाहा. निरोगी ३ सिरीज वळणात एकदा टेकली की तशीच राहते. सारखी दुरुस्ती लागत असेल तर बहुधा पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांतले रबरी जोड, गेलेले असतात. सरळ रस्त्यावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरणे हेही त्याचेच किंवा वाकड्या डिस्कचे लक्षण. गतिरोधकावरून गाडी तिरकी न्यावी लागते का, हेही मालकासमोरच पाहून घ्यावे.

पाचवी पायरी: घेण्यापूर्वी थंड इंजिन ऐका

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगावे की गाडी सुरू करून ठेवू नका. सकाळी पोचल्यावर बोनेटवर तळहात ठेवावा. ते कोमट लागले तर तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी. हा आग्रह मुख्यतः ३२०डी साठी आहे. २००७ पासून आलेल्या एन४७ या दोन लिटरच्या डिझेल इंजिनात, विशेषतः २०११ पर्यंतच्या, टायमिंग चेन (झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) झिजण्याची किंवा तुटण्याची तक्रार जगभर नोंदली गेली. ही चेन इंजिनाच्या पुढच्या बाजूला नसून मागे, गिअरबॉक्सकडच्या तोंडाला आहे, त्यामुळे ती बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेनची किंमत किरकोळ, मजुरी मोठी. थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिले काही क्षण, सहकाऱ्याला गाडी सुरू करायला सांगून, बोनेटच्या मागच्या कडेपाशी, काचेजवळ कान न्यावा. डिझेलची नेहमीची टकटक ठाम आणि समान असते. तिच्यावर पत्र्याच्या डब्यात साखळी घासल्यासारखा खरखराट ऐकू आला आणि फेऱ्या वाढवल्यावर तोही वाढला, तर दर कितीही उतरवला तरी गाडी सोडून द्यावी. २०१५ च्या उजळणीनंतर एफ३० मध्ये आलेल्या बी४७ इंजिनाबाबत ही धास्ती उरली नाही, म्हणून दुसऱ्या पायरीवर त्या वर्षावर इतका भर दिला होता.

पेट्रोल गाड्यांमध्ये शीतकाची पातळी, टाकीवरचे डाग आणि इलेक्ट्रिक पाण्याच्या पंपाचा इतिहास पाहावा. पंप बंद पडण्यापूर्वी फारशी सूचना देत नाही. हे सगळे चासीच्या त्या सात अक्षरांवरून सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहावे, आणि मीटरवरच्या किलोमीटरांचा त्या नोंदींशी मेळ बसतो का ते तारखेनुसार तपासावे.

शेवटी आरसीवरची निर्मितीची आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी वाचावी, कारण दोन्हींत बरेच महिने जाऊ शकतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. चेन्नईतून निघालेल्या पहिल्या ई९० गाड्यांची ती मुदत २०२२ मध्येच भरली. त्यामुळे स्वस्तात मिळणाऱ्या ई९० च्या किमतीत पुनर्नोंदणीचा खर्च, चारही टायर आणि पहिल्या सर्व्हिसची रक्कम मिळवूनच ती खरोखर स्वस्त आहे का ते ठरवावे.